नसेलतर बाई आणि खुर्चीचा ब्रेक

आमच्या वहिनींना कारखान्यात नावाने कोणी ओळखत नाही. पाठीमागे सगळे त्यांना 'नसेलतर बाई' म्हणतात. हे त्यांना चांगलं ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. उलट एकदा गेटवरच्या नव्या माणसाने फोनवर "कोण बोलतंय?" विचारलं, तेव्हा त्यांनीच सरळ सांगितलं, "नसेलतर बाई बोलतेय, मालकांना द्या."

हे नाव पडलं ते त्यांच्या दोन प्रश्नांमुळे. कोणतीही गोष्ट असो, वहिनी दोनदा विचारतात. ही असेल तर कसं वाटेल? आणि नसेल तर? लग्न ठरण्याआधी त्या आणि माझा मोठा भाऊ एका हॉटेलात चहाला भेटले, तेव्हासुद्धा हेच झालं. "मी असेन तर तुम्हाला कसं वाटेल?" वहिनींनी विचारलं. दादा लाजून म्हणाला, "छान वाटेल." "आणि नसेन तर?" दादाने म्हणे बराच वेळ नुसता चहा ढवळला आणि मग म्हणाला, "घर खायला उठेल." जी बाई अजून घराचा उंबरा चढलेली नाही, ती नाही म्हणून घर आत्तापासून कसं खायला उठेल, असं मी नंतर दादाला विचारलं. तो माझ्यावरच भडकला. पण वहिनींना उत्तर पटलं होतं. पहिल्या उत्तरावर त्या कधीच विश्वास ठेवत नाहीत. त्यांचा सगळा भरवसा दुसऱ्यावर.

आमचा कारखाना चाकाच्या खुर्च्या बनवतो. मागून ढकलायच्या, आजारी माणसांच्या. वहिनींचं काम म्हणजे पुढच्या खुर्चीत काय घालायचं आणि काय नाही हे ठरवणं, आणि माझं काम म्हणजे त्यांनी ठरवलेलं विकणं. दोघं एकाच घरात राहतो, एकाच स्कूटरवर येतो-जातो, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर मिळतो.

कारखान्यात सूचनांना तोटा नाही. मालकांना खुर्चीला छत्री हवी. रंगखात्यातल्या माणसाला चमकी असलेला रंग हवा. शिवणखात्यातल्या बायकांना गादीला खिसा हवा. वहिनी सगळ्यांचं ऐकून घेतात, एकेक सूचना एकेका कार्डावर लिहितात आणि घरोघरी जाऊन तेच दोन प्रश्न विचारतात. मग कार्डं फळ्यावर लागतात. काही कार्डं 'मीठ' या नावाखाली. मीठ म्हणजे जे आहे म्हणून कोणी शाबासकी देत नाही, पण नसलं तर माणूस ताट सरकवतो. काही 'साखर' खाली, जितकी जास्त तितकं तोंड गोड. काही 'बक्षीस' खाली, म्हणजे नसलं तर कोणाला पत्ता नाही, पण मिळालं की स्वारी खूश. उरलेली सगळी 'शोभा'. असली काय, नसली काय. आधी मीठ घालायचं, मग जागा उरली तर बाकीचं, हा त्यांचा शिरस्ता.

माझा जीव अर्थातच शोभेत. दुकानात खुर्ची उभी असते तेव्हा तिच्यात कोणी बसलेलं नसतं, तिच्याकडे नुसतं बघितलं जातं. बघण्यासारखं काही नको का? पण वहिनींनी मागे रंगांची मागणी बाजूला सारून काढून धुता येणारा गादीचा अभ्रा घातला. तो कोणीही मागितला नव्हता. मी नाक मुरडलं. वर्ष सरलं तरी गादीची एक तक्रार आली नाही आणि त्याआधी तक्रारींनी माझे कान किटले होते. तेव्हापासून मी वाद घालतो, पण जरा हात राखून.

नवी खुर्ची करायची ठरली तेव्हा मालकांनी आम्हाला वर बोलावलं. त्यांच्या काचेच्या खोलीतून खालची नळ्या वाकवायची यंत्रं दिसतात आणि अंगणातला तो लाकडी उतार दिसतो, जिथे प्रत्येक खुर्ची चालवून बघतात. मालक म्हणाले, "ही खुर्ची चालली तर चालली. नाही चालली तर खुर्च्या बंद. त्या शेडमध्ये ऑफिसची टेबलं करू." वहिनी म्हणाल्या, "चालेल," आणि कार्डं घेऊन निघाल्या.

या वेळी त्यांनी एक नवा नियम केला. विचारताना बसणारा आणि ढकलणारा दोघंही हजर हवेत. त्यांचं म्हणणं, एका खुर्चीची गिऱ्हाईकं दोन असतात. एकाची पाठ दुखते, दुसऱ्याचे हात दुखतात. एकालाच विचारलं तर अर्धंच कळणार. नियम इतका बिनतोड होता की आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या घरी गेल्या तिथे मुलगा, सून, बायको, जे कोणी खुर्ची ढकलत असेल ते खुर्चीमागे उभं, आणि वहिनी समोर स्टुलावर. आमच्या घरीही त्यांनी तसंच विचारलं, कारण आमचे वडील, आबा, तेही खुर्चीतच असतात.

आबा शिंपी होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची डावी बाजू गेली, उजवा हात मात्र अजून कात्री धरण्याइतका मजबूत आहे. त्यांचं सगळं दादा करतो. अंघोळ, कपडे, दाढी, फिरवून आणणं. असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही, आणि हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, कारण भाऊ म्हणून मला त्याच्याबद्दल सांगण्यासारखं वेगळंच बरंच आहे.

फळ्यावर कार्डं लागली. हलका सांगाडा आणि वर उचलता येणारी पाय ठेवायची फळी, या दोन गोष्टी ठरल्या. तिसऱ्या जागेसाठी दोन कार्डं होती आणि दोन्ही खुर्चीच्या हातापाशी एकाच ठिकाणी बसणारी. एक माझा दिवा, संध्याकाळी रस्ता दाखवणारा. दुसरं, बसणाऱ्याच्या हाताला येणारा ब्रेक. आमच्या खुर्च्यांना ब्रेक असतो तो मागे, खाली, ढकलणाऱ्याच्या पायाशी. बसणाऱ्याला तो दिसतही नाही. पण बसणाऱ्यांनी घराघरातून एकच उत्तर दिलं होतं: "नसला तरी काही अडत नाही." आबांनीही तेच सांगितलं होतं. ब्रेक गेला 'शोभा' खाली. दिवा मात्र ढकलणाऱ्यांना फार आवडला आणि 'बक्षीस' खाली मानाने बसला. वहिनींनी माझं कार्ड उचलून धरलं, हे पहिल्यांदाच घडत होतं. मी छाती काढून कारखानाभर फिरलो आणि झाडून सगळ्या दुकानदारांना शब्द देऊन टाकला की दिव्याची खुर्ची येतेय.

साच्यांची ऑर्डर त्या आठवड्यात जायची होती. साचा एकदा कापला की बदलता येत नाही.

रविवारी दुपारी दादा सामान आणायला बाहेर गेला होता. मी आतल्या खोलीत लोळत होतो. आबा नेहमीच्या जागी, खिडकीजवळ. त्यांना तीच जागा लागते. बाहेर बघायला बरं वाटतं त्यांना, असं आम्ही सगळे समजून होतो. वहिनींना तिथला केर काढायचा होता म्हणून त्यांनी खुर्ची मागे ओढली. खुर्ची हलेना. त्यांनी वाकून बघितलं, तर मागचा ब्रेक लावलेलाच नव्हता.

"आबा, तुम्ही गज धरलाय," वहिनी म्हणाल्या. "सोडा जरा."

आबांनी लगेच सोडला नाही. मी दारात येऊन उभा राहिलो. त्यांची बोटं खिडकीच्या गजाभोवती अशी वळली होती की सोडली तरी थोडा वेळ तशीच वाकलेली राहिली.

"गज कशाला धरता?"

आबांनी आधी दाराकडे बघितलं. "तो कुठे गेलाय?"

"दुकानात."

"मग सांगतो. मागचा ब्रेक लावलाय की नाही ते मला दिसत नाही. खट्ट आवाज आला तर ठीक. नाही आला तर मी आपला काहीतरी धरून ठेवतो."

"कधी सुटली होती का खुर्ची?"

"एकदा. बागेच्या उतारावर. थोडीशीच. त्याचा फोन आला होता, तो बोलत होता. मी कठडा पकडला."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तो सकाळपासून राबतो माझ्यासाठी. त्याला सांगू, की तू विसरतोस?"

वहिनी केरसुणी हातात धरून तिथेच खाली बसल्या. "पण मी तुम्हाला विचारलं होतं, आबा. हाताशी ब्रेक नसेल तर कसं वाटेल, म्हणून."

"विचारलं होतंस खरं," आबा म्हणाले. "पण तो मागे उभा होता ना."

मी वहिनींना इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांचा चेहरा असा पडलेला कधी बघितला नव्हता. खिडकीजवळची ती जागा आबांना बाहेर बघायला नको होती, गज धरायला हवी होती. आणि आम्ही रोज त्यांना तिथे नेऊन, वर कौतुकाने "आज काय दिसतंय आबा?" असं विचारत होतो. माझा मलाच राग आला.

पण दुसऱ्या दिवशी स्कूटरवर वहिनी म्हणाल्या, "भावजी, दिव्याचा साचा थांबवायचाय," आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांना हवा तर त्यांच्या खुर्चीला मी स्वतः ब्रेक बसवून देतो, म्हटलं. एका आबांसाठी सगळी खुर्ची का बदलायची? दुकानदारांना मी आता काय तोंड दाखवू?

"एका आबांसाठी नाही," त्या मागून म्हणाल्या. "प्रत्येक घरात मागे कोणीतरी उभं होतं. मीच उभं केलं होतं."

मालकांसमोर त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "ब्रेकबद्दलची मागची उत्तरं धरू नका. प्रश्न बरोबर होता, पण विचारताना ज्याच्याबद्दल बोलायचं तोच खुर्चीच्या मागे होता. नियम माझा होता, चूक माझी. मला पुन्हा विचारावं लागेल. तोवर साचा थांबवा."

मालकांच्या कपाळावर आठ्या. "तुमच्याच शब्दावर सगळं ठरवलं आपण."

"हो. आता माझ्याच शब्दावर थांबवा."

"आणि यानंतर खुर्ची नाही चालली तर? टेबलांमध्ये माझ्याकडे तुमच्यासाठी काम नाही, बाई."

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या, जणू मालकांनी चहात साखर कमी आहे असं सांगितलं होतं. जिना उतरताना मात्र त्यांनी कठडा धरला. माझ्या लक्षात आलं. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात. ढकलणाऱ्यांना खोलीबाहेर ठेवायचंय. तुमच्या बडबडीचा काहीतरी उपयोग होऊ दे."

असा माझ्या तोंडाच्या पट्ट्याला पहिल्यांदा मान मिळाला. एका घरी मी मुलाला अंगणात नेऊन फुटबॉलवर इतकं बोललो की शेवटी त्याने घड्याळ बघायला सुरुवात केली. दुसऱ्या घरी एका काकूंच्या पाण्याच्या टाकीचं कौतुक करायला गच्चीवर गेलो. टाकीत कौतुकासारखं काही नव्हतं, पण मी मागे हटलो नाही. एका घरची सून काही केल्या सासूबाईंजवळून हलेना. मग मी तिला स्कूटरची किल्ली शोधायला बाहेर नेलं. किल्ली माझ्या खिशात होती. आम्ही दोघांनी कुंड्यांच्या मागे, पायपुसण्याखाली, सगळीकडे शोधली. मनात मी या सगळ्यावर चडफडतच होतो. लोक पुन्हा तेच सांगतील आणि माझा दिवा परत येईल, अशी माझी खात्री होती.

कुंड्या खिडकीखाली होत्या आणि खिडकी उघडी होती. आतून वहिनींचा आवाज आला, "आणि नसेल तर?"

मग त्या सासूबाई म्हणाल्या, "नाहीच आहे की. मी पाय रोवून बसते. सगळ्यांना वाटतं आजी बाहेर आल्यावर रुसल्यासारख्या गप्प होतात. रुसत नाही गं मी. माझं सगळं लक्ष चाकाकडे असतं."

मी किल्ली खिशातून काढली आणि सुनेला म्हणालो, सापडली.

जवळजवळ सगळ्या घरांतून उत्तरं उलटी आली. एरवी गल्ली दणाणून सोडणारा एक धिप्पाड कंत्राटदार वहिनींच्या कानाशी कुजबुजला की संध्याकाळी बायको फिरायला नेते म्हणाली की आपण डोकं दुखतं म्हणून सांगतो. दोघांना मात्र ब्रेकचं खरंच काही पडलेलं नव्हतं आणि वहिनींनी मालकांना तेही तसंच सांगितलं. कार्ड शोभेतून निघून मिठाखाली गेलं.

मालकांच्या खोलीत शेवटची अडचण निघाली ती दुकानदारांकडून, आणि ती मीच घेऊन गेलो होतो, कारण ती खरी होती. खुर्ची विकत घेतो तो ढकलणारा. बसणाऱ्याने मध्येच ब्रेक लावला तर ढकलणाऱ्याच्या नडग्या फुटणार. तो चिडणार.

"चिडतील काही जण," वहिनी म्हणाल्या. "दिवा दिला तर ते खूशही होतील. पण ते खूश व्हावेत म्हणून बसणाऱ्याने रोज घाबरत बसायचं, हे मला जमणार नाही. आधी मीठ."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "दिवा नसलेली खुर्ची विकशील?"

मी तोंड उघडलं ते दिव्याची बाजू मांडायला. पण कुंड्यांजवळ ऐकलेलं ते बोलणं काही डोक्यातून जाईना. "विकेन," मी म्हणालो, आणि वहिनींनी चमकून माझ्याकडे बघितलं.

विकली. कशी ते सांगतो, कारण ही युक्ती माझी आहे आणि तिचं श्रेय मी कोणाला देणार नाही. दुकानात आलेल्या मुलाला किंवा सुनेला मी आमच्या जुन्या खुर्चीत बसवतो. दुकानाबाहेरच्या उतारापर्यंत नेतो. मागून सांगतो, "ब्रेक लावलाय बरं का." आणि गप्प उभा राहतो. ते लगेच मागे वळून बघतात. सगळे बघतात. मग मी त्यांना उठवून नव्या खुर्चीत बसवतो आणि ब्रेक त्यांच्या हातात देतो. पुढे फारसं बोलावं लागत नाही, आणि माझ्यासारख्याला हे जड जातं. शेडमध्ये टेबलं आली नाहीत. नडग्यांच्या तक्रारी आल्या, थोड्या. त्या वहिनी स्वतः ऐकून घेतात.

पहिल्या खेपेतली एक खुर्ची आमच्या घरी आली. वहिनींनी दादाला त्या रविवारचं काहीच सांगितलं नव्हतं. मला म्हणाल्या, "त्यांना सांगून काय होणार? रोज शंभरदा ब्रेक तपासत बसतील आणि रात्री झोपणार नाहीत." मीही तोंडाला कुलूप लावलं, आणि माझ्या तोंडाला कुलूप म्हणजे काय ते घरच्यांनाच माहीत.

संध्याकाळी आम्ही चौघं फिरायला निघालो. दादा नेहमीसारखा भरभर ढकलत होता, त्याला चालायचं म्हणजे पोचायचं असतं. बागेच्या बाजूच्या उतारावर निम्म्यात आल्यावर खुर्ची एकदम थांबली आणि दादाची नडगी मागच्या दांडीवर आपटली. तो कळवळला. वहिनींचा हात पुढे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

"चुकून ब्रेक लागला वाटतं, आबा," दादा नडगी चोळत म्हणाला.

"लागला नाही," आबा म्हणाले. "मी लावला."

"का? काही बघायचंय?"

"काही नाही. थांबावंसं वाटलं."

दादाने आबांच्या तोंडाकडे बघितलं. हँडलवरचे हात काढून तो पुढे आला आणि त्यांच्या शेजारी कठड्यावर टेकला. समोर काहीच चाललेलं नव्हतं. खालून कोणी सायकल हातात धरून चढ चढत होतं, तेवढंच. आबा त्या सायकलवाल्याकडे बघत होते, आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.